घसरण एक, कारणं दोन: नव्या रूपानंतर रँकिंग गमावलेल्या एका साइटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शिलाई मशीनची देखभाल आणि दुरुस्ती, या एकाच विषयाला वाहिलेली ही साइट. चालवणारे तिघे. आयुष्यभर मशीन दुरुस्त केलेले एक कारागीर, मजकूर आणि जाहिराती सांभाळणाऱ्या संपादक, आणि लागेल तसं काम करून देणारा एक डेव्हलपर. नावं आणि पत्ता देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. माझा संबंध आला तो घसरण सुरू झाल्यावर, कारण शोधून द्यायचं म्हणून.

साइटवर दोन प्रकारची पानं होती. पहिला प्रकार बिघाडांचा: एक बिघाड, एक पान. सुई वारंवार का तुटते, वरचा दोरा का तुटतो, टाके मध्येच का सुटतात, शिवताना खालून दोरा का गोळा होतो. कारागीर मशीन उघडून स्वतः फोटो काढायचे आणि बोलावं तसं लिहायचे. शिवणकाम शिकवणाऱ्या संस्था आणि हौशी गट यांनी या पानांना आपणहून लिंक दिल्या होत्या, कोणी मागितल्या नव्हत्या. दुसरा प्रकार तुलनेचा: नवशिक्याने कोणती मशीन घ्यावी, अमुक मॉडेल आणि तमुक मॉडेल यांत फरक काय. ही पानं नंतर, जाहिरातीचं उत्पन्न वाढावं म्हणून आली. त्यात कंपन्यांनी दिलेल्या माहितीचे तक्ते होते आणि त्यापलीकडे फारसं काही नव्हतं. तरी दोन्ही प्रकार गूगलच्या पहिल्या पानावर दिसायचे आणि साइटवर येणाऱ्या बहुतेक वाचकांची वाट तिथूनच होती.

जुनं रूप मोबाइलवर वाचवत नसे. अक्षरं बारीक, तक्ते स्क्रीनबाहेर जाणारे. गूगलने मोबाइलवरची आवृत्ती हीच मुख्य धरायला २०१६ साली सुरुवात केली आणि २०२३ मध्ये तो बदल पुरा केला, म्हणजे मोबाइलवर जे दिसेल त्यावरच पानाचं मोजमाप. त्यामुळे नवं रूप करण्याचा निर्णय योग्यच होता. प्रश्न त्या निमित्ताने आणखी काय काय बदललं हा होता.

अडचण

नव्या रूपासोबत तीन गोष्टी एका रात्रीत बदलल्या. दिसणं बदललं. बिघाडाच्या पानांचे पत्ते बदलले. आणि सुटी सुटी बिघाडांची पानं एकत्र करून यंत्राच्या प्रकारानुसार मोजकी मोठी पानं केली गेली, ज्यात प्रत्येक बिघाड एका मिटलेल्या पट्टीखाली गेला. पट्टीवर क्लिक केलं की मजकूर उघडायचा. मोठी पानं वर येतात, असं कुणीतरी सांगितलेलं होतं. तुलनेच्या पानांना मात्र नुसतं नवं रूप मिळालं, पत्ते तेच राहिले. हा योगायोग पुढे फार उपयोगी पडला.

वाचकसंख्या पहिल्याच आठवड्यात उतरू लागली. थोड्याच दिवसांत गूगलने आपलं एक कोअर अपडेट, म्हणजे क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, जाहीर केलं आणि घसरण आणखी तीव्र झाली. अपडेटची बातमी सगळीकडे होती, अनेक साइट्सचे मालक तक्रार करत होते. मग टीमने साहजिक निष्कर्ष काढला: अपडेटने मारलं, ते संपलं की परत येईल. संपादकांनी मला पहिल्याच बोलण्यात हेच सांगितलं. "सगळ्यांचंच पडलंय हो, आपल्या हातात काय आहे?"

मला हे वाक्य धोक्याचं वाटलं. अपडेटला दोष देणं चूक असतं असं नव्हे, पण ते कारण इतकं हाताशी असतं की त्यामागे दुसरं कारण असलं तर ते कुणी शोधत नाही.

आकडे काय सांगत होते

रँकिंग, म्हणजे शोधाच्या निकालांतली जागा, हा शब्द आपण साइटला लावतो. 'आमच्या साइटचं रँकिंग पडलं.' सर्च इंजिन मात्र एखाद्या प्रश्नासाठी पानं निवडतं. एकच पान एका प्रश्नाला दुसऱ्या जागी असेल, दुसऱ्या प्रश्नाला तिसाव्या जागी असेल आणि तिसऱ्याला दिसतच नसेल. पूर्ण साइटबद्दल काही संकेत (क्रम लावताना पाहिल्या जाणाऱ्या खुणा) असतात, गूगलही ते मान्य करतं, पण निदान करायचं तर पान आणि प्रश्न यांची जोडी धरूनच करावं लागतं. एकूण आलेखाकडे बघत बसून काही हाती लागत नाही.

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात गेल्या सोळा महिन्यांची माहिती मिळते. आम्ही बिघाडाची पानं आणि तुलनेची पानं वेगळी केली आणि दोन्हींचे आलेख एकमेकांखाली ठेवले. तेवढ्याने निम्मं उत्तर मिळालं.

बिघाडाच्या पानांची घसरण नवं रूप आलं त्याच दिवसांत सुरू झाली होती, अपडेट जाहीर होण्याच्या आधीच. तुलनेची पानं त्या दिवसांत अगदी स्थिर होती आणि अपडेट पसरत असताना घसरली. म्हणजे नुसत्या दिसण्यातल्या बदलाने नुकसान झालं असतं तर तुलनेची पानंही लगेच पडली असती. ती पडली नाहीत. एकूण आलेखात जी एकच उतरण दिसत होती, ती दोन वेगवेगळ्या घसरणींची बेरीज होती.

दोन्ही घसरणींचा पोतही वेगळा होता. तुलनेच्या पानांचे इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत ती किती वेळा दिसली तो आकडा, टिकून होते, स्थान तेवढं खाली गेलं होतं. गूगल ती पानं अजून विचारात घेत होतं, त्यांच्यापुढे दुसरी ठेवत होतं. बिघाडाच्या पानांचे इम्प्रेशन्सच नाहीसे झाले होते. त्यांची जागा खाली गेलेली नव्हती, ती स्पर्धेतूनच बाहेर पडली होती.

इथे एक आकडा सगळ्यांना चकवत होता. साइटचं सरासरी स्थान घसरणीनंतर चक्क सुधारलेलं दिसत होतं, आणि डेव्हलपरने ते 'नवं रूप चांगलं आहे' याचा पुरावा म्हणून पुढे केलं. हे कसं होतं? सरासरी स्थान फक्त तेवढ्याच शोधांचं धरलं जातं जिथे साइट दिसली. ज्या शेकडो प्रश्नांना साइट आधी पंधराव्या, विसाव्या जागी दिसायची, ते प्रश्न यादीतून गळून गेले. राहिले ते बहुतेक साइटच्या नावाचे शोध, जिथे ती पहिलीच असते. वर्गातली कच्ची मुलं परीक्षेला बसलीच नाहीत तर वर्गाची सरासरी वाढते, तसं. म्हणून सरासरी स्थान कधीही एकटं वाचू नये, शेजारी इम्प्रेशन्स असल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

अपडेटच्या परिणामाबद्दल बोलण्याआधी आम्ही ते पूर्ण पसरेपर्यंत थांबलो. गूगलचाच सल्ला आहे की अपडेट संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्यावा आणि मग ते सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी तुलना करावी. बिघाडाच्या पानांसाठी मात्र थांबण्याचं काहीच कारण नव्हतं.

गूगलला पान दिसतंय का?

सर्च इंजिनच्या कामाचे ढोबळ टप्पे तीन: पान आणणं, ते समजून घेऊन साठवणं, आणि कुणी शोधलं की साठ्यातून निवडून क्रम लावणं. रँकिंगच्या घटकांवरची बहुतेक चर्चा तिसऱ्या टप्प्याची असते. पण पान पहिल्या दोन टप्प्यांतच अडलं असेल तर तिसऱ्यावर कितीही घाम गाळून उपयोग नसतो.

नव्या मोठ्या पानांपैकी एक घेऊन सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शन या तपासणीत गूगलला प्रत्यक्ष काय मिळतं ते काढलं. त्या कोडमध्ये 'सुई तुटणे', 'दोरा तुटणे' अशा पट्ट्यांची नावं होती. त्यांच्याखालचा मजकूर कुठेच नव्हता. कारण सोपं होतं. पान उघडताना मजकूर येतच नव्हता. पट्टीवर क्लिक केलं की तो सर्व्हरवरून मागवला जायचा. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं आणणारा प्रोग्राम, पानातला जावास्क्रिप्ट कोड चालवतो, २०१९ पासून तर क्रोमच्या ताज्या आवृत्तीने चालवतो, पण तो क्लिक करत नाही. कारागिरांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं गूगलच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं.

यातली एक बारीक गोष्ट नेहमी गोंधळ करते म्हणून थांबून सांगतो. मिटलेल्या पट्टीत मजकूर ठेवणं हा गुन्हा नाही. मजकूर पानासोबतच आला असेल आणि केवळ दिसायला मिटलेला असेल तर गूगल तो वाचतं आणि मोजतंही. मोबाइलवर जागा कमी असल्याने तशी मांडणी रास्तच असते. फरक फक्त मजकूर आधीपासून आहे की क्लिकनंतर येतो एवढाच. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच ही चूक डोळ्यांना कळत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या पत्त्यांची. नवं रूप आणताना सगळे जुने पत्ते एकाच नियमाने मुखपृष्ठाकडे वळवले होते. 'एरर तर येत नाही ना' एवढंच पाहिलं गेलं होतं. खालून दोरा गोळा होतो याचं उत्तर शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर जाऊन पडायचा. गूगल अशा घाऊक रीडायरेक्टला (पत्ता वळवण्याला) बहुधा 'पान सापडलं नाही' असंच मानतं. त्यामुळे त्या पानांना मिळालेल्या लिंक्सचं बळही नव्या पानांपर्यंत पोचलं नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली मूळ कल्पनाच ही होती की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस. आज शेकडो संकेतांत लिंकचं वजन पूर्वीइतकं राहिलं नसलं तरी ती मोजली जाते. इथे शिफारशी शाबूत होत्या, फक्त त्यांचा पत्ता चुकला होता.

समोर असलेले पर्याय

जुनी साइट जशीच्या तशी परत आणावी, हा पहिला विचार. घाबरलेल्या अवस्थेत तो आकर्षक वाटतो. पण गूगलने नवे पत्ते नोंदवायला सुरुवात केली होती, पुन्हा उलट फिरणं म्हणजे दुसरं स्थलांतर. शिवाय जुनं रूप मोबाइलवर खरोखरच वाईट होतं.

दुसरा पर्याय वाट पाहण्याचा. तुलनेच्या पानांपुरता तो थोडाफार योग्य होता, बिघाडाच्या पानांसाठी निरर्थक. मजकूर दिसतच नसेल तर कितीही काळ गेला तरी तो दिसू लागणार नाही.

तिसरा पर्याय एका एजन्सीने आणला: ठरावीक संख्येने बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून येणाऱ्या लिंक्स) आणि वर काही महिने 'खऱ्या माणसांचे' क्लिक. प्रस्ताव देखणा होता आणि संपादक त्याकडे ओढल्या गेल्या होत्या हेही खरं. मी ठाम विरोध केला. लिंकची खरेदी गूगलच्या स्पॅम धोरणात सरळ बसते. २०१२ साली पेंग्विन अपडेटने अशा साइट्स खाली ढकलल्या. २०१६ पासून ते मूळ यंत्रणेचाच भाग झालं आणि अशा लिंक्स बहुधा शून्य धरल्या जाऊ लागल्या. म्हणजे नशीब चांगलं असेल तर पैसे वाया, वाईट असेल तर मानवी तपासणीतून कारवाई. आणि मुख्य म्हणजे या साइटला लिंक्स कमी नव्हत्याच. असलेल्या लिंक्स भिंतीवर आदळत होत्या, त्यात विकतच्या आणखी कशासाठी?

चौथा पर्याय 'विषारी' लिंक्स नाकारण्याचा, म्हणजे अपायकारक वाटणाऱ्या लिंक्स मोजू नका असं गूगलला कळवण्याचा. कुठल्याशा टूलने लाल रंगात लांबलचक यादी काढून दिली होती. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अॅक्शनचा, म्हणजे मानवी तपासणीतून झालेल्या कारवाईचा, रकाना रिकामा होता, लिंक्स कधी विकत घेतल्या नव्हत्या. विषय तिथेच संपवला.

पाचवा, आणि आजकाल सगळ्यात मोहाचा: प्रत्येक मॉडेल आणि प्रत्येक बिघाड यांची जोडी लावून एआयकडून हजारो पानं लिहून घ्यायची. गूगलने मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक मजकुराविरुद्ध धोरण आणलं. ते कुणी किंवा कशाने लिहिलं हे पाहत नाही. वाचकासाठी नव्हे तर रँकिंगसाठी ढीग रचला आहे का, हे पाहतं. इथे नेमकं तेच झालं असतं.

राहिला सहावा पर्याय: आधी मजकूर आणि पत्ते दुरुस्त करायचे, मग पानांची रचना, आणि अपडेटने खाली नेलेल्या पानांचा विचार शेवटी. तोच घेतला.

काय केलं

पहिलं काम मजकूर पानासोबतच पाठवण्याचं. डेव्हलपरला ते करायला फार वेळ लागला नाही.

दुसरं, रीडायरेक्ट. मुखपृष्ठाकडे जाणारा नियम काढून प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाच्या नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट द्यायचा होता. पण इथेच अडलं. जुनी पानं अनेक, नवी मोजकी. दहा वेगवेगळे बिघाड एकाच लांब पानाकडे वळवायचे का? की पानं पुन्हा सुटी करायची?

यावर दोन दिशांनी जोरदार ओढाताण झाली. डेव्हलपरचं म्हणणं, एकत्र पानामुळे सगळ्या लिंक्सचं बळ एकवटेल, आणि लांब मजकूर वर येतो. पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य होतं. दुसऱ्यात नाही, शब्दसंख्या हा रँकिंगचा घटक नाही हे गूगलने अनेकदा सांगितलेलं आहे. कारागिरांचं म्हणणं साधं होतं. "ज्याची सुई तुटली आहे, त्याला दोऱ्याचं पुराण कशाला ऐकवायचं?"

मतांवर निर्णय घेण्यापेक्षा आम्ही सर्च इंजिनलाच विचारलं. दोन बिघाड घ्यायचे, दोन्ही शोधायचे आणि वरचे निकाल शेजारी ठेवायचे. निकाल बहुतांशी तेच असतील तर सर्च इंजिन त्या दोन प्रश्नांना एकच गरज मानतं, म्हणून एक पान. निकाल वेगळे असतील तर वेगळी पानं. 'खालून दोरा गोळा होतो' आणि 'बॉबिनपाशी (खालच्या दोऱ्याच्या रिळापाशी) गुंता होतो' यांचे निकाल जवळजवळ सारखे आले, ती पानं एक झाली. 'सुई तुटते' आणि 'दोरा तुटतो' यांचे निकाल पूर्ण वेगळे, ती पुन्हा सुटी झाली. अशी सगळी यादी चाळली. शेवटी जुन्या पानांपेक्षा थोडी कमी पण नव्या रचनेपेक्षा कितीतरी जास्त पानं झाली, आणि ती सगळी यंत्राच्या प्रकाराच्या पानावरून साध्या लिंकने जोडली.

हे करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात बोलकी. पानं एकत्र करताना मजकूर एका बाहेरच्या लेखकाकडून 'सफाईदार' करून घेतला होता. खालून दोरा गोळा होण्याच्या जागी आता असं लिहिलं होतं: बॉबिन तपासा, बॉबिन नीट बसवा, तरीही अडचण राहिल्यास तंत्रज्ञाशी संपर्क साधा. मी कारागिरांचं जुनं पान काढून वाचलं. तिथे पहिल्याच ओळीत होतं की गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन उचकटतात, पण खोट बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. मशीनचा पाय (कापड दाबून धरणारा भाग) खाली टेकवलेला ठेवून दोरा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, वरचा ताण नाहीसा होतो आणि सैल दोरा खाली साचत जातो. उपाय: पाय वर उचला, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, मग पाय खाली करून दोरा हळूच ओढून बघा, हाताला अडवणूक जाणवली पाहिजे. शेजारी दोन फोटो, चकत्या उघड्या आणि मिटलेल्या.

या दोन मजकुरांत 'कीवर्ड', म्हणजे शोधले जाणारे शब्द, सारखेच आहेत. मजकूर तपासून गुण देणारा प्लगइन दोन्हींना हिरवा दिवा दाखवत होता, उलट नव्याला जास्त गुण देत होता. पण एकाने वाचकाचं काम होतं, दुसऱ्याने होत नाही. गूगल हा फरक कसा ओळखतं, याचा एक भाग २०२३ साली अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाला. शोधणाऱ्यांनी कशावर क्लिक केलं याची साठवलेली माहिती वापरणारी नॅवबूस्ट नावाची यंत्रणा क्रम लावण्यात भाग घेते, हे साक्षीतून समोर आलं. म्हणून वाचक पानावरून समाधानाने जातो की मागे फिरून पुढचा निकाल उघडतो, याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आम्ही कारागिरांचा मूळ मजकूर परत आणला, शुद्धलेखन तेवढं सुधारलं, आणि प्रत्येक पानावर ते कोण, किती काळ हे काम करतात याची ओळख जोडली. ओळखीच्या चौकटीने थेट रँकिंग वाढतं असा माझा दावा नाही. वाचकाला कुणावर विश्वास ठेवतोय हे कळलं पाहिजे, एवढ्यासाठी ती हवी.

वेगाचं काम डेव्हलपरला सगळ्यात आधी करायचं होतं, आम्ही ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. गूगलच्या मापात पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, क्लिकला प्रतिसाद दोनशे मिलिसेकंदांत हवा, आणि हे पंचाहत्तर टक्के भेटींना लागू व्हायला हवं. आमचा घोटाळा पहिल्या मापात होता: पानाच्या माथ्यावरचा मोठा फोटोसुद्धा 'लागेल तेव्हा आण' या यादीत टाकलेला. त्याला यादीतून काढलं आणि बाकीचे खालचे फोटो तसेच ठेवले. एवढ्यात भागलं.

तुलनेच्या पानांचं काम सर्वांत कष्टाचं निघालं. तिथे तांत्रिक दोष नव्हता. वर गेलेली पानं उघडून पाहिली तर त्यांच्याकडे वापरून पाहिल्याची खूण होती: त्याच कापडावर दोन मशीनचे टाके, जाड शिवणीवर कोणती अडते, आवाज किती. आमच्याकडे तक्ता. पानं तीन ढिगांत वाटली. कारागिरांनी ज्या मशीन प्रत्यक्ष उघडल्या होत्या, त्यांची पानं नव्याने लिहायची. दोन-तीन पानं एकाच गोष्टीबद्दल होती ती एक करायची. आणि ज्या मशीनला त्यांनी हातही लावलेला नव्हता ती पानं काढून टाकायची. शेवटच्या निर्णयाला संपादक बराच काळ तयार नव्हत्या, कारण त्यांतल्या काहींवर अजून वाचक येत होते. शेवटी तोडगा निघाला: ज्यांवर कुणीच येत नाही ती आत्ता काढायची, उरलेल्यांचा निर्णय पुढच्या अपडेटनंतर.

निकाल

बिघाडाच्या पानांचे इम्प्रेशन्स दुरुस्तीनंतर काही आठवड्यांतच परत दिसू लागले आणि दोनेक महिन्यांत बहुतेक पानं जुन्या जागेच्या आसपास आली. सगळी आली नाहीत. मधल्या काळात काही प्रश्नांना इतरांनी चांगली उत्तरं लिहिली होती आणि त्या जागा गेल्या त्या गेल्याच. 'खालून दोरा गोळा होतो' हे पान मात्र आधीपेक्षा वर गेलं. दोन जुन्या पानांच्या लिंक्स एकत्र आल्या म्हणून की मूळ मजकूर परतला म्हणून, हे सुटं करून सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी केलं.

वेग सुधारल्याचा रँकिंगवर वेगळा ओळखू येईल असा परिणाम दिसला नाही. तशी अपेक्षाही नव्हती. वेगाचा संकेत छोटा आहे, उत्तरं सारखीच चांगली असली की तो पारडं झुकवतो.

तुलनेची पानं महिनोन्‌महिने जागची हलली नाहीत. नव्याने लिहिलेल्या पानांपैकी काही पुढच्या कोअर अपडेटच्या वेळी वर आली, काही अजून दुसऱ्या पानावरच आहेत. गूगल हेच सांगत आलंय: सुधारणेचा परिणाम कधी काही दिवसांत दिसतो, कधी काही महिन्यांनी, आणि तो दिसेलच याची हमी नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही दुरुस्तीने बदलली नाही. ज्या प्रश्नांना साइट पूर्वीच्याच जागी परतली, तिथेही क्लिक पूर्वीइतके येत नाहीत. निकालांच्या पानावरच उत्तराचा उतारा किंवा एआयने तयार केलेला सारांश दिसतो आणि साध्या प्रश्नाचा माणूस तिथूनच परततो. फोटो पाहिल्याशिवाय भागत नाही अशा बिघाडांना हा फटका कमी बसला, 'सुईचा कुठला नंबर वापरावा' अशा एका ओळीच्या प्रश्नांना जास्त. हे संपादकांना समजावताना जड गेलं, कारण स्थान परत आलं की वाचक परत येतील असंच सगळ्यांनी धरलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा मुद्दा तिन्ही बदल एकत्र करण्याचा. आधी फक्त रूप बदललं असतं, पत्ते आणि मजकूर तसेच ठेवून, तर काही बिघडलं तरी कारण उघड असतं. तुलनेच्या पानांचे पत्ते निव्वळ योगायोगाने तसेच राहिले म्हणून आम्हाला तुलनेसाठी काहीतरी मिळालं. तेही बदलले असते तर दोन घसरणी वेगळ्या करणं फार अवघड झालं असतं आणि टीम कदाचित आजही अपडेटला दोष देत बसली असती.

पत्ते बदलायचेच होते तर बदलाआधी एक तक्ता हवा होता: कोणत्या पानावर किती क्लिक येतात, कोणाला बाहेरून लिंक्स आहेत, आणि त्यातलं प्रत्येक नेमकं कुठे जाणार. कंटाळवाणं काम आहे, पण दोन-तीन दिवसांचं. नंतरच्या महिन्यांशी तुलना केली तर काहीच नाही.

नवं रूप खुलं केल्याच्या दिवशीच एका पानावर यूआरएल इन्स्पेक्शन केलं असतं तर रिकाम्या पट्ट्या तेव्हाच दिसल्या असत्या. ही तपासणी डेव्हलपरच्या कामाच्या यादीत नव्हती आणि संपादकांच्याही नव्हती. प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्याची. कोणी करायची हे आधी ठरवणं तपासणीइतकंच महत्त्वाचं आहे.

थांबण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत जरा सौम्य आहे. अपडेट चालू असताना घाईने बदल करू नयेत हा सल्ला खरा आहे आणि टीमने तो मनापासून पाळला. फक्त त्यांनी तो सगळ्या पानांना लावला. आलेख तेव्हाच दोन भागांत पाडून पाहिला असता तर कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही हे कळलं असतं.

दुरुस्तीच्या काळातही एक तडजोड झाली. मूळ मजकूर परत आणणं आणि पानं जोडणं एकदम केल्यामुळे कशाचा किती परिणाम हे कायमचं अनुत्तरित राहिलं. उत्पन्न इतकं घटलेलं असताना एकेक बदल करून महिनाभर निरीक्षण करा, असं सांगणं मला व्यवहार्य वाटलं नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच सुचवेन. मात्र आता साइटवरच्या प्रत्येक बदलाची तारीख एका वहीत नोंदली जाते, अपडेट्सच्या तारखांच्या शेजारी.

जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट किती काळ ठेवायचे, हा प्रश्न डेव्हलपरने अलीकडे काढला. गूगल किमान एक वर्ष म्हणतं. आम्ही ते काढायचेच नाहीत असं ठरवलं, कारण लिंक देणाऱ्या शिवणसंस्था आपली पानं क्वचितच बदलतात आणि त्या लिंक्सवरून माणसं अजूनही येतात. तुलनेच्या उरलेल्या पानांचा निर्णय अजून व्हायचा आहे. कारागीर म्हणतात, ज्या मशीन मिळतील त्या आणा, उघडून बघतो आणि लिहितो. ज्या मिळणार नाहीत, त्यांची पानं काढा. संपादकांनी यादी करायला घेतली आहे.